डॉक्टर लाईनची नात

आमच्या मुखेडकडं पोरगा किंवा पोरगी काय शिकते असं विचारत नाहीत. "कोणत्या लाईनला हाय?" असं विचारतात. डॉक्टर लाईन, इंजिनिअर लाईन, मास्तर लाईन. बँकेत चिकटला तर बँक लाईन. शेतीला मात्र लाईन म्हणत नाहीत. मी पन्नास वर्षं बी निवडलं. दाणे तळहातावर घेऊन कोणतं उगवेल ते सांगायची, गावच्या बाया विचारायला यायच्या. पण ही माझी लाईन आहे असं कुणी म्हटलं नाही. मी चौथी शिकलेली बाई, मला त्याचं वाईट वाटत नाही. रीत सांगते आहे.

नातीला दहावीला चांगले मार्क पडले. मुलानं तिला लातूरच्या क्लासला घातलं, त्या दिवसापासून ती डॉक्टर लाईनची झाली. डॉक्टर व्हायच्या कितीतरी आधी माणूस आमच्याकडं त्या लाईनचा होतो. सून अंगणवाडीत, मुलाला तालुक्याला नोकरी, म्हणून खोलीवर स्वयंपाकाला मला पाठवलं. लातुरात अशा आज्या गल्लोगल्ली आहेत. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. माझे गुडघे असे की एकदा खाली उतरले की वर चढायची पंचाईत, म्हणून मी उतरतच नाही. गॅलरीतून समोरची गॅलरी दिसते. तिथंही एक म्हातारी लसूण सोलत बसलेली असते.

बारावीनंतर मोठी परीक्षा झाली. नंबर लागला नाही. मुलगा म्हणाला, रिपीट करू.

त्या रिपीटच्या वर्षी दिवाळीला आम्ही गावी गेलो. पोर बॅग ठेवते न ठेवते तोच माझी धाकटी जाऊ हातात गोळ्यांची पट्टी घेऊन आली.

"डॉक्टरीणबाई, ह्या बीपीच्या. खाल्ल्या की गरगरतंय. काय करू?"

पोर म्हणाली, "काकी आजी, ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारा. मला न्हाई कळत."

"घ्या! दोन-तीन वर्षं लातूरचं पाणी पिऊन बी न्हाई कळत? अक्का, तुमच्या नातीचा भाव लई वाढला बरं का."

गल्लीतल्या चार बाया हसल्या. मला ते लागलं. मी म्हणाले, "सांग की गं. तुझी लाईनच हाय ना ती."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मग पट्टी उलटीपालटी केली आणि हळूच म्हणाली, "अर्धी घेऊन बघा."

जाऊ खूश होऊन गेली. आठवड्यानं आम्ही लातूरला परत आलो. त्यानंतर चार-पाच दिवसांत फोन आला, जाऊ हापशावर भोवळ येऊन पडली, हाताचं हाड मोडलं. नांदेडला दवाखान्यात डॉक्टरनं तिला झापलं, गोळी अर्धी कुणी केली म्हणून. जावेनं नातीचं नाव सांगितलं नाही. उलट मला फोनवर म्हणाली, "पोरीला बोलू नका अक्का. शिकताना व्हतंयच. आपलीच डॉक्टर हाय."

मी हे पोरीला सांगितलं. वाटलं, हलकं होईल. ती भिंतीकडं तोंड करून बसली. दोन दिवस जेवली नाही.

"आज्जी, मला काही बी येत न्हाई," ती म्हणाली. "बेडकाचं हृदय येतं. माणसाचं काय येतं मला? आन् समदे विचारून राहिलेत."

उन्हाळ्यात दुसरा निकाल लागला. पुन्हा नंबर नाही. मुलगा आणि सून खोलीवर आले. पोर म्हणाली, नांदेडला साधी बी.एस्सी. करते.

मुलगा म्हणाला, "साधी बी.एस्सी. ही काय लाईन हाय का? अजून एक वर्ष. लाईन सोडली की माणूस कुठलाच राहत न्हाई."

सून नवऱ्यापुढं बोलत नाही, आणि तिलाही तेच पाहिजे होतं.

मग मी तोंड उघडलं. जावेच्या हाताचं सगळं सांगितलं. गोळी पोरीनं अर्धी केली, पण बोलायला मी लावलं, हेही सांगितलं. वाटलं, हे ऐकून तरी त्याचं डोकं ठिकाणावर येईल.

तो म्हणाला, "माय, म्हणून तर पुरतं शिकायला पाहिजे. अर्धवट ज्ञानानंच असं व्हतंय."

बोलणं त्याचं बरोबरच होतं आणि पोर त्यातच सापडली होती. माझ्या हातात एकच गोष्ट होती, ती मी केली. म्हणाले, "मग मी यायची न्हाई. करा स्वयंपाक तुमचा तुम्ही." आजी नाही तर खोली नाही, असा माझा हिशोब.

मुलगा शांतपणे म्हणाला, "बरं. होस्टेलला टाकू."

होस्टेलची पद्धत पोरीनं मैत्रिणींकडून ऐकली होती. पहाटे उठवायचं, फोन काढून घ्यायचा, दर आठवड्याला मार्क भिंतीवर लावायचे. ते दोघं चहा प्यायला खाली गेले, तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"आज्जी, तू ये. वर्ष तर करावंच लागतंय. पर तिथं नको."

तिच्यासाठी जो नकार दिला तो तिच्याचसाठी मागं घेतला. मुलाला वाटलं, म्हातारी वठणीवर आली.

आता रिपीटचं दुसरं वर्ष चालू आहे. मी कुकर लावते, ती पुस्तक उघडून बसते. कधी कधी तासभर पान उलटत नाही. संध्याकाळी मुलाचा फोन येतो, "अभ्यास करते का?"

मी म्हणते, "करून राहिली."