राखीव गोलकीपर

नॉटिंगहॅमच्या आमच्या हॉस्पिटलात एक भायखळ्याचा पोर्टर होता. दर सोमवारी एक्स-रेला पहिला पेशंट आणला की तो जाहीर करायचा, "डॉक्टरसाहेब, काल आपण परत जिंकलो!"

'आपण' म्हणजे त्याची बॉक्स लॅक्रोसची टीम. जाळीच्या काठ्या घेऊन, बंद हॉलमध्ये, टणक रबरी चेंडूने एकमेकांना झोडपायचा हा खेळ. टीम सलग चार वर्षं अजिंक्य होती आणि हा चारही वर्षं राखीव गोलकीपर. मूळ गोलकीपर कधी साधा शिंकलासुद्धा नाही, त्यामुळे हा बाकावर बसूनच जिंकत आला. हौस मात्र दांडगी. वॉर्डाच्या दारातही पाय फाकून, हात पसरून उभा राहायचा. त्याला चुकवून आत शिरणं नर्सेसना जमत नसे.

एका गुरुवारी त्याने मूळ गोलकीपरलाच व्हीलचेअरवरून आणलं. मोडलं होतं मनगट, पण याने त्याला पाऊल टाकू दिलं नव्हतं.

"चला, आता तुमचा नंबर," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नीट बघा ना साहेब. नुसतं मुरगळलं असेल."

सोमवारी तो स्वतःच वाकडा चालत आला. सतरा गोल खाऊन टीम हरली होती. "छातीचा फोटो काढा," म्हणाला. काढला. बरगड्या सगळ्या शाबूत होत्या. ते ऐकून त्याचं तोंड उतरलं. मग हळूच म्हणाला, "ती फिल्म मला मिळेल?"

पुढे कितीतरी दिवस तो ती खिडकीशी धरून नर्सेसना दाखवायचा. "ही जागा बघा. इथे एक अडवला."