बिबवेवाडीतला उत्तर ध्रुव

ज्या गोष्टीचा पुण्याशी काडीचाही संबंध नाही, नेमका तिच्यावरच जीव लावून बसण्यात माझ्या रूम पार्टनरचा हात धरणारं माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात जन्माला आलेलं नाही, आणि देवाला थोडी दया असेल तर पुढेही येऊ नये. पुण्यातल्या मुली संशोधन करतात. मोडी कागदांवर करतात, उसावरच्या रोगांवर करतात, फारच झालं तर मुळा-मुठेच्या पाण्यावर करून नाक दाबून घरी येतात. ही बाई आर्क्टिक समुद्रातल्या जीवांवर पीएच.डी. करत होती. मुक्काम बिबवेवाडी, दुसरा मजला, पाणी एक दिवसाआड. मूळ गाव लोणी काळभोर. पोहता येत नव्हतं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकविसाव्या वर्षी, कॉलेजच्या सहलीत. बाकीच्या मुली फोटो काढत होत्या तेव्हा हिनं चपला काढून समुद्राला नमस्कार केला आणि मग तो पाण्याच्या बाटलीत भरून घेतला. ती बाटली चार वर्षं आमच्या खिडकीत होती. मी शनिवार पेठेतल्या एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची नोकरी करत होते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन हिला बघायचं, असा माझा दिनक्रम होता.

तिच्या त्या जीवांना मी एकदा चुकून किडे म्हटलं, तर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ते कोळंबीच्या नात्यातले असतात, तांदळाच्या दाण्याएवढे. उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत पोटभर खातात आणि अंगात तेल साठवतात, इतकं की निम्मा जीव तेलाचाच होतो. मग समुद्राच्या तळाकडे काळोखात जातात आणि सगळा हिवाळा झोपून काढतात. आपल्या बायका वैशाखात वाळवणं करून डबे भरतात ना, तसा हे लोक अंगातच डबा भरतात. हिचा सगळा प्रबंध त्या डब्यावर होता. बर्फ आता लवकर वितळतो, खाणं लवकर उगवतं, आणि हे जागे होऊन वर येईपर्यंत ते संपून गेलेलं असतं. मग डबा भरतो का? हे ती जेवताना सांगायची. "आणि नाही भरला तर गं?" असं मी एकदा विचारलं. तिनं हातातला घास खाली ठेवला. "तर हे जातील. मग यांना खाणारे मासे जातील, मग पक्षी जातील." तिनं हे अशा चेहऱ्यानं सांगितलं की घरातलंच कुणीतरी अत्यवस्थ आहे असं वाटावं. त्यानंतर मलाही जेवण गेलं नाही. त्या दिवशी नेमकं भरलं वांगं होतं.

आर्क्टिकला जाणाऱ्या तुकडीत दर उन्हाळ्याला देशभरातून मोजकीच मुलं घेत. आपली निवड होणार याबद्दल तिला कधी शंका नव्हती. शंका होती ती आपण तिथं टिकू का याची. म्हणून तिनं सराव सुरू केला. मार्केट यार्डाजवळच्या एका शीतगृहात तिच्या वडिलांची ओळख होती. तिथं मे महिन्यात, पुणं भाजून निघत असताना, ही दोन स्वेटर आणि कानटोपी घालून बटाट्याच्या पोत्यांवर तास-तासभर बसायची आणि हातमोजे घालून चिमट्यानं साबुदाणे एका वाटीतून दुसरीत टाकायची. तिथले हमाल सुरुवातीला घाबरले, मग सरावले. एक म्हातारा हमाल मला म्हणाला, "ताई, तुमच्या मैत्रिणीला ठेवायचंय का काढायचंय, तेवढं सांगा. पावती फाडावी लागंल." बाहेर बेचाळीस अंश, आत दोन. व्हायचं तेच झालं, आठव्या दिवशी ती तापानं फणफणली. डॉक्टरांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "बटाटे." डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मलाच गोळ्या लिहून दिल्या.

थंडीचा बंदोबस्त झाल्यावर बोटीचा प्रश्न आला. बोट हलते, आणि हलत्या बोटीवर काचेच्या नळीतून थेंब मोजून काढावे लागतात. पुण्यात हलणारी बोट कुठून आणायची? तिनं सिटी बसचं शेवटचं बाकडं निवडलं. स्वारगेटहून सोलापूर रस्त्यानं लोणीपर्यंत आणि परत, मांडीवर नळ्यांचं खोकं, हातात ड्रॉपर, आणि शेजारी मी, कारण कुणीतरी सांडलेले थेंब मोजायला हवं होतं. हडपसरच्या खड्ड्यांत तिचा चेहरा असा खुलायचा की जणू रस्ते खास तिच्यासाठी तसे ठेवले होते. "वादळ, वादळ!" असं म्हणून ती नळी धरायची. कंडक्टरनं एकदा विचारलं, "पोलिओचे डोस का, मॅडम?" ही म्हणाली, "नाही, समुद्र." त्यानं दोन तिकिटं फाडली आणि पुढं गेला. या माणसानं आयुष्यात बरंच पाहिलेलं असणार.

घरमालकीण काकूंचं आणि तिचं शीतयुद्ध चाललं होतं ते फ्रिजवरून. काकूंच्या अटींत 'मांसाहार चालणार नाही' हे पहिलं कलम होतं, आणि हिनं कात्रजच्या तलावातले बारीक जीव सरावासाठी आणून दह्याच्या सटाशेजारी ठेवले होते. काकू म्हणाल्या, "हे मांसाहारात मोडतं." ही म्हणाली, "काकू, मी हे खाणार नाहीये." "मग फ्रिजमध्ये कशाला?" यावर हिनं गप्प बसायला हवं होतं. पण खोटं तर सोडाच, अर्धवट खरंही तिला बोलता येत नसे. ती म्हणाली, "अहो काकू, असले जीव तुमच्या माठातल्या पाण्यातही असतील," आणि सूक्ष्मदर्शक आणून ते दाखवलेही. काकूंनी सात दिवस फक्त उकळलेला चहा घेतला. आठव्या दिवशी आम्हाला घर सोडायची नोटीस आली. माझ्या रडण्यामुळे ती मागे घेतली गेली, हे मी आजवर तिला ऐकवत आलेय.

तिचे वडील महिन्यातून एकदा भाजीची पिशवी घेऊन यायचे. त्यांची अट साधी होती. फेलोशिप असेतोवर शिक, ती संपली की घरी ये, मग आम्ही सांगू तिथं लग्न कर. जिन्यावर ते मला गाठून हळूच विचारायचे, "पोरी, खरं सांग, ह्ये जे ती करती, त्याचा उपेग हाय का काई?" मी म्हणायचे, "आहे, आबा." मला तेव्हा तो नीट कळला नव्हता. पण तिच्यावतीनं हो म्हणायची मला सवय लागली होती.

आणि एका जूनमध्ये ती खरंच गेली. महिनाभर तिकडे राहून, बोटीवर एक थेंबही न सांडता, दोनशे नळ्या घेऊन आली. प्रत्येक नळीत तेच तांदळाचे दाणे, वेगवेगळ्या खोलीवरचे, गोठवलेले. मी विचारलं, "पांढरं अस्वल दिसलं?" ती म्हणाली, "असेल गं. मी पाण्यात बघत होते." तिच्या मार्गदर्शक मॅडमनी खटपट करून विभागात नवा फ्रीजर आणवला होता, उणे ऐंशी अंशांचा. त्या जीवांच्या अंगातलं तेल तपासायचं तर ते तोवर तसंच गोठलेलं राहायला हवं. एकदा वितळलं की ते बिघडतं, मग त्यातून काही कळत नाही. तेल तपासायचं यंत्र दुसऱ्या शहरात होतं आणि हिचा नंबर दिवाळीनंतरचा होता. तोवर दोनशे नळ्या, चार वर्षं, प्रबंध आणि आबांची अट, सगळं त्या फ्रीजरमध्ये होतं.

विभागात एक शिपाईमामा होते. अकरा वर्षं हंगामी, आणि कायम करायची फाइल नुकतीच वर गेलेली. हिच्यावर त्यांचा फार जीव. ही सकाळी यायच्या आधी तिचं टेबल पुसून ठेवायचे. खंडेनवमीला विभागातल्या सगळ्या उपकरणांची पूजा तेच करायचे. हिलाही त्याचं अगत्य होतं. शेतकऱ्याची मुलगी, घरी त्या दिवशी ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभा करतात. त्यामुळे दरवर्षी ती सूक्ष्मदर्शकाला स्वतः हळदकुंकू वाहायची. त्या वर्षी आईनं खंडेनवमी-दसऱ्याला घरी बोलावलं होतं. आदल्या दिवशी तिनं आबांच्या रानातल्या झेंडूच्या दोन पिशव्या मामांना नेऊन दिल्या आणि जाता जाता म्हणाली, "मामा, यंदा नव्या फ्रीजरचीही नीट पूजा करा हं. सगळं त्याच्यावरच आहे." मी तिथं होते. मी हसत होते.

मामांनी नीट पूजा केली. खंडेनवमीला अवजाराला काम सांगायचं नसतं. नांगर उभा राहतो, ट्रॅक्टर उभा राहतो, लोहाराचा भातासुद्धा थंड असतो. मामांनी सूक्ष्मदर्शकांवर खोळी घातल्या, तराजू बंद केले, फ्रीजर ओल्या फडक्यानं पुसला, झेंडूचं तोरण बांधलं आणि विश्रांती मिळावी म्हणून त्याची वायर भिंतीतून काढली. तो पिपाणी वाजवून ओरडायला लागला, तर सणासुदीला कटकट नको म्हणून तेही बटण शोधून बंद केलं. दुसऱ्या दिवशी दसरा, पुढे शनिवार-रविवार. सोमवारी आम्ही दोघी विभागात शिरलो तेव्हा फ्रीजरखाली पाणी पसरलं होतं आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या.

ती ओरडली नाही. निदान तेव्हा तरी ओरडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. तिनं एकेक नळी काढली, उजेडात धरली, खाली ठेवली. दोनशेच्या दोनशे. मामा दारात उभे होते आणि काय झालंय ते त्यांना हळूहळू कळत होतं. मग ते मटकन खाली बसले. ती त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "पूजा छान झालीय, मामा." त्या माणसानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग चौकशी बसली. फ्रीजर कुणी बंद केला ते लेखी द्या, असं तिला सांगितलं गेलं. तिनं लिहिलं की तो माझ्या सांगण्यावरून बंद झाला. मी तो कागद वाचला आणि संतापले. "अगं, तू पूजा नीट करा म्हणालीस! बंद करा असं कुठं म्हणालीस?" ती म्हणाली, "आमच्याकडे नीट पूजा अशीच करतात. मला माहीत होतं. मला सुचायला हवं होतं." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी ते तुला परत पाठवतील, हे लिहिलंस तर नाही पाठवणार." "माहितेय," ती म्हणाली. "पण मामांना जायला दुसरी जागा नाहीये." मी तो कागद तिच्यासमोर टराटरा फाडला. तिनं दुसरा लिहिला, शुद्धलेखन तपासायला माझ्याकडेच दिला, आणि मी, मूर्ख बाई, तो तपासून दिला.

निष्काळजी विद्यार्थिनी असा शेरा बसला. मॅडमनी बरीच धावपळ केली, पण पुढच्या उन्हाळ्यात तुकडीबरोबर दुसरा मुलगा गेला. पुढे फेलोशिप संपली. आबा टेम्पो घेऊन सामान न्यायला आले. मला वाटलं, म्हणतील, बघ, मी सांगत होतो. तर जिन्यावर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "फुलं माझ्याच रानातली व्हती, पोरी." आणि गादीची वळकटी खांद्यावर घेऊन खाली उतरले.

आता ती गावाकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावीला जीवशास्त्र शिकवते. नवरा चांगला आहे, दोन मुलं आहेत. मामा कायम झाले. माझं तिच्याशी बोलणं कमी होत गेलं, पण वर्षातून एक फोन ठरलेला असे. फेब्रुवारीच्या मध्याला, मी ऑफिसात मान मोडून काम करत असताना, तो हमखास यायचा. "उगवला गं!" "कोण?" असं मी दरवर्षी वैतागून विचारायचे. "अगं, सूर्य! तिकडचा. चार महिन्यांनी. आता वर यायची तयारी सुरू होईल त्यांची." मी म्हणायचे, "बरं, त्यांना माझा नमस्कार सांग, मला काम आहे." एवढंच. इतकी वर्षं मी त्या फोनला कटकट मानत आले.

यंदा तो आला नाही. फेब्रुवारी संपला. दहा दिवस मी वाट बघितली, आणि कशाची वाट बघतेय हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. शेवटी मार्चमध्ये एका दुपारी मीच फोन लावला आणि म्हटलं, "उगवला का गं?"

"कोण?" ती म्हणाली.

तिच्या मागं वर्गाचा गोंगाट ऐकू येत होता. प्रात्यक्षिक परीक्षा चालू असावी, कुणालातरी ती हातानं गप्प बस म्हणत असावी. मी म्हटलं, "काही नाही गं. सहज केला होता फोन."