लिंबोणीचं पाणी

लॅबमधल्या ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे वीज रेघेत दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेघ थरथरत होती. ती थरथरायला नको होती. माझ्या मागे प्राचार्य उभे होते आणि दारात नव्या जिल्ह्याच्या कुठल्याशा कचेरीचे हेडक्लार्क डोळ्यांनीच खोली मोजत होते.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या होत्या, इमारती नव्हत्या.

"मॅडम, सोमवारी युनिव्हर्सिटीची कमिटी येतेय," प्राचार्य म्हणाले. "त्यांना काही दिसलं तर लॅब राहील. नाहीतर यांना मी नाही कसं म्हणू?"

"दिसेल, सर."

"आत्ता काय दिसतंय?"

"नुसती वीज."

"वीज तर आमच्या बल्बात पण दिसते, बाई," हेडक्लार्क म्हणाले.

नातवंडांनो, तुमची आजी काय शोधायची ते आधी सांगते. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे वीजभारित कण होतात. ते आयन. नसांच्या आणि हृदयाच्या पेशींच्या पातळ आवरणात या कणांसाठी बारीक दारं असतात. त्यांना आयन चॅनल म्हणतात. दारं उघडतात, कण आत शिरतात, विजेची एक झुळूक उठते. त्या झुळुकीवर तुमचं हृदय चालतं.

मी ती झुळूक झुरळाच्या पायातल्या नसेत बघायची. दुष्काळात बेडूक मिळेनात. झुरळं होस्टेलच्या मेसमध्ये हवी तितकी होती. पडद्यावर एक हिरवा ठिपका सरकत जाई, संध्याकाळी लांबच्या शिवारातून कुणी कंदील घेऊन चालल्यासारखा. दारं उघडली की तो टुणकन वर उडे. बघता बघता माझा चहा निवून जाई.

आता मात्र भिंतीतल्या विजेची गुणगुण तारेत शिरून सगळं झाकत होती. मी तारा बदलल्या, टेबलाभोवती जाळी लावली, अॅम्प्लिफायर उघडून पाहिला. काही फरक नाही. हिवाळ्यात हेच यंत्र शांत होतं. मग हिवाळ्यानंतर बदललं काय?

मी बाहेर गेले. भिंतीमागे अर्थिंगचा खड्डा होता. त्यात कोळसा आणि मीठ घालून तांब्याची पट्टी पुरलेली असते. नको असलेली वीज तिच्यातून जमिनीत जाते. पण माती ओली असेल तरच. मी खुरपं घातलं, तर पिठासारखी धूळ उडाली.

टँकरचं पाणी पिण्यापुरतंच होतं. घरी आम्ही बाजेवर बसून आंघोळ करायचो आणि खाली परात ठेवायचो. परातीतलं पाणी अव्वाच्या लिंबोणीला जाई. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. ते रोप त्यांनी उदगीरहून, माहेरून आणलं होतं.

खड्ड्यासाठी मी तेच पाणी मागितलं. "किती लागंल?" अव्वांनी विचारलं.

"सगळंच. सोमवारपर्यंत."

"मातीत वतणार?"

"हो."

"आन् तिथं उगवणार काय?"

"काही नाही, अव्वा. एक रेघ सरळ होईल."

त्या कपाळाला विभूती लावत होत्या. ती पुरती लावून झाल्यावर म्हणाल्या, "घिऊन जा. साबणाचं हाय बग. चालंल का?"

"उलट चांगलं. साबण आणि घामाचं मीठ, वीज त्यातून सहज जाते."

"घाम तर लई हाय."

मी बादल्या ओतत राहिले. रविवारी रेघ बारीक झाली, झोप लागताना श्वास संथ होतो तशी. सोमवारी कमिटीसमोर ठिपका वर उडाला. स्पीकरमधून ठप्, ठप् आवाज आला.

लॅब राहिली, म्हणजे अर्धी राहिली. कपाटांच्या पलीकडे हेडक्लार्क टेबल टाकून बसले. जेवणाच्या सुट्टीत ते हळूच विचारत, "बाई, आवाज जरा मोठा करता का?"

एकदा अव्वा बघायला आल्या. तोवर लिंबोणीची पानं गळली होती. त्या कितीतरी वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.

"माझ्या छातीत बी असंच चालतं?"

"असंच."

त्यांनी तळवा छातीवर ठेवला आणि ठिपक्याकडे बघत म्हणाल्या, "लिंबं काय, बाजारात बी मिळत्यात."

लिंबोणी वाळली. पुढे मी मोठ्या लॅबमध्ये काम केलं, महागडी यंत्रं वापरली. रेघ थरथरली की सगळे यंत्राला नावं ठेवत. मी आधी बाहेर जाऊन जमीन ओली आहे का ते बघायची. ओली असली, तर हे पाणी कुणाच्या वाटचं, तेही विचारायची.