विषाणूला ओट्यावर बसवणाऱ्या अक्का

"चहात साखर किती घेतोस?" पीएच.डी.च्या मुलाखतीत अक्कांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. "घेतच नाही," मी म्हणालो. "मग माझ्याकडे येऊन काय करणार तू?" असं म्हणून त्या स्वतःच खळखळून हसल्या, आणि मला आपला विद्यार्थी म्हणून घेतलं.

जळगावच्या प्रयोगशाळेत त्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर साखर चिकटवत. आपल्या पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात. काही विषाणू त्यांनाच धरून आत शिरतात. तशीच साखर आमच्या कणांवर दिसली, तर विषाणू त्यांनाच चिकटून बसेल आणि पेशी वाचेल, हा डाव. अक्का मूळच्या शिंदखेड्याच्या. रंगात आल्या की अहिराणीत सांगत, "पाहुना घुसखोर शे. त्याले ओटावरच गोड खावाड, घरमा येऊ देऊ नको!"

पाहुणा मात्र ऐकेना. विषाणूवरची चाचणी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत व्हायची आणि दर वेळी तिथून 'चिकटला नाही' असाच निकाल यायचा. शेवटी कंटाळून मी भडगावला घरी निघून गेलो, शाळेत नोकरी शोधू लागलो.

एका रविवारी अक्का एस.टी.नं थेट आमच्या दारात. आईच्या हातचं भरीत दोनदा मागून घेतलं, केळीच्या भावावर वडिलांशी वाद घातला. कामाचा शब्द नाही. हात धुताना म्हणाल्या, "अरे, आपण साखर फार दाटीनं बसवली. त्याला धरायला जागाच नाही. विरळ लावू, लांब धाग्यांवर. मी उद्यापासून सुरू करतेय."

"आणि मी?"

"तुझी पिशवी कुठंय?"

त्याच संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर परतलो.

पुढच्या निकालात विषाणू कणांवर अडकला होता. सगळ्यांना बोलवायला सांगत अक्का व्हरांड्यातच ओरडल्या, "अडकना रे, अडकना! बठ्ठासले बलाव!" विभागप्रमुख बैठक सोडून धावत आले, त्यांना वाटलं, कुणी लिफ्टमध्ये अडकलं.

एका वार्ताहरानं फोनवर विचारलं, "म्हणजे औषध सापडलं?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "नाही भाऊ. बशीतल्या पेशी वाचल्या. माणूस अजून लांब आहे. तेवढंच छापा." बातमी छापूनच आली नाही. अक्कांनी त्या दिवशी सगळ्यांना जिलबी खाऊ घातली.

निवृत्तीनंतर त्या लेकीकडे धुळ्याला निघाल्या. स्टँडवर त्यांची पिशवी खिडकीतून आत देत मी विचारलं, "आता काम अडलं तर कुणाला विचारू, अक्का?"

खिडकीतून वाकून त्यांनी माझ्या गालावर चापटी मारली. "विषाणूलाच विचार. माझ्यापेक्षा तो खरं बोलतो."