पालखीचा पहिला खांदा

आमच्या कळव्याच्या गावदेवीच्या जत्रेत उंच टांगलेलं शहाळं बाणाने फोडायचं, आणि जो फोडेल त्याने पालखीला पहिला खांदा द्यायचा, अशी रीत होती. त्यामुळे बावन्न साली काळुराम नेम मारायला उतरतोय म्हटल्यावर गाव हसलं. मिठाने भरलेला मचवा अंगावर कलंडून त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापासून गेले होते. चाकं लावलेल्या पाटावर बसून, हातांनी जमीन रेटत तो फिरायचा.

"नेम मारशील रं, पण खांदा कसा देशील?" जत्रेचे पंच गोपीनाथ म्हणाले.

"मना मारू तरी द्या," काळुराम म्हणाला.

खरं म्हणजे त्याला खांदाच हवा होता. पाय होते तेव्हा दरवर्षी पालखी त्याच्या खांद्यावरून जायची. पाय गेल्यावर तो वाटेकडेला बसून राहायचा आणि पालखी डोक्यावरून निघून जायची. त्याची बायको गोदा माझी शेजारीण. ती म्हणायची, "जत्रंच्या दिशी त्यो जेवत नाय गो."

बसून धनुष्य उभं धरलं की खालचं टोक जमिनीला अडतं. म्हणून काळुरामने ते आडवं धरलं. मिठागराच्या बांधावर वाळका दुधी टांगून सकाळभर बाण मारत बसायचा. आधी सगळे चिखलात गेले, मग एखादा दुधीला घासून जाऊ लागला.

जत्रेत खाडीचा वारा सुटला. शहाळं झुलत होतं आणि पायांवर उभे राहिलेले एकजात चुकले. काळुरामने धनुष्य आडवं केलं, तशी पोरं खिदळली. तो थांबला. इतका थांबला की मला राग आला, सोड की मेल्या एकदाचा! बाण सुटला, आणि शहाळ्याचं पाणी धार धरून खाली गळू लागलं.

गोपीनाथ पालखीपाशी गेले आणि म्हणाले, "खाली घ्या."

"किती खाली?" भोई गोंधळले.

म्हातारे गोपीनाथ स्वतःच धुळीत गुडघे टेकून बसले आणि पुढच्या आडव्या दांड्याचं एक टोक खांद्यावर घेतलं. "एवढी खाली."

दुसरं टोक काळुरामच्या खांद्यावर आलं. मागचेही गुडघ्यांवर बसले. काळुराम हातांनी जमीन रेटत निघाला आणि बाकीचे गुडघ्यांवर सरकत त्याच्या चालीने चालले. वाटेवरचं माणूस न् माणूस खाली बसलं. मीही बसले.

त्या संध्याकाळी गोदा मीठ मागायला आली. म्हणाली, "जेवतोय गो. दोनदा भात घेतला."