रक्तातली खोट

"तुना रगतमाच खोट शे."

खळ्यात खाटेवर बसून नाना बोलले. आमचे मालक. सगळ्या मजूर बायांसमोर. माझी तान्ही पोर कडेवर होती. ओठ फाटलेला, टाळू फाटलेली. पाजलेलं दूध नाकातून यायचं.

शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या शेतात पोटुशी असताना मी फवारणीचं पाणी वाहिलं. ड्रममध्ये औषध ढवळलं, पंप भरून दिले. नाकाला फक्त पदर. माझी जाऊही तेव्हा पोटुशी होती, माझ्याबरोबर तेच काम करायची. तिचा पोरगा ठणठणीत.

फवारणीच्या औषधानं पोर अशी झाली, असं मी म्हणाले, तसं नानांनी जावेच्या पोराकडेच बोट केलं. "औषध तेच ना? मंग तिना पोऱ्या कसा बरा शे?"

मी पोरीला पदराखाली झाकलं. घरी नवराही तेच बोलायला लागला. शेवटी मीही मानलं. स्वतःच्याच अंगाची शिसारी यायची.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात पोरीच्या ओठाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "याच औषधानं झालं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण विष पोटातल्या प्रत्येक बाळाला सारखं बाधत नाही. काहींना जन्मजातच ते कमी सोसतं. तो काही गुन्हा नाही. तुम्हाला त्या ड्रमजवळ पाठवायलाच नको होतं."

ऐकलं. पण मनातली सल गेली नाही.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या शेतकऱ्यानं मक्यात तणनाशक मारलं. वारा आमच्याकडे होता. त्याचा मका डोलत राहिला. नानांच्या कपाशीची पानं आकसली, वाकडी झाली. औषधाचा दोष असता तर आपला मकाही गेला असता, असं तो म्हणाला, तसे नाना बांधावर जाऊन गरजले, "तुना मकाले काय व्हयनं नई, म्हनीसन मनी कपाशीमा खोट शे का?"

मी तिथंच निंदत होते. हातातलं खुरपं जमिनीत खुपसलं. रागानं.

मला पुन्हा दिवस गेले होते. फवारणीच्या सकाळी नानांनी ड्रमकडे हात केला. मी हंडा खाली ठेवला.

"तुम्हनी कपाशीमा खोट नई, मंग मना रगतमा कशी, नाना?"

नाना लालबुंद झाले. "मंग घर चालनी जाय."

मी निघाले. जावेनं तिचा हंडा माझ्या हंड्याशेजारी ठेवला आणि मागून आली.

मजुरी बुडाली. बुडू दे. आमच्या वस्तीतली पोटुशी बाई आता त्या ड्रमपाशी उभी राहणार नाही. कोणाचं रक्त तगतं, हे बघायला आम्ही पोटातली लेकरं देणार नाही.