तहसीलदार नावाचा बोकड

यवतमाळात लोहाऱ्याच्या रस्त्यावर सत्यशीलाताईंचं मुलींचं वसतिगृह आहे. तिथून मुलीला घरी न्यायचं तर सख्ख्या बापालाही आधी शब्द सांगावा लागतो. प्रवेशाच्या दिवशी घरच्यांनी ताईंच्या कानात सांगितलेला एक शब्द. तो मुलीला, तिच्या घरी आणि ताईंनाच ठाऊक. सव्वीस मुलींचे सव्वीस शब्द ताईंनी कधी कागदावर उतरवले नाहीत. कागद कोणाच्याही हाती लागतो, म्हणायच्या. खरंच होतं ते. पण एसटीत शेजारी ऐकणारं माणूस मिळालं, की ताईंच्या तोंडात तीळ भिजत नसे.

असं माणूस म्हणजे विमलताई. ताई दर रविवारी उमरखेडला आईला भेटायला जात आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परतत. विमलताईंचं उमरखेडला बांगड्यांचं दुकान. माल आणायला त्याही त्याच गाडीत. जी आधी चढेल तिने शेजारच्या सीटवर रुमाल टाकायचा. नवरा गेल्यापासून ताईंभोवती दिवसभर "ताई, ताई" चाले, पण त्यांचं म्हणणं ऐकायला कोणी नव्हतं. विमलताई ऐकत, आणि पुसद येईपर्यंत डबाही अर्धा अर्धा होई.

एका सोमवारी ताई म्हणाल्या, "एका पोरीच्या मायनं शब्द काय देल्ला, सांगू? तहसीलदार! त्यायच्या बोकडाचं नाव हाय!"

विमलताई इतक्या हसल्या की कंडक्टरने वळून पाहिलं. पोरीचं नाव सांगितलं नव्हतं, म्हणून ताई निर्धास्त होत्या.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. "मी बबिताचा काका. तिची माय लय बिमार हाय. पोरीले आत्ताच धाडा."

"शब्द?"

"तहसीलदार," तो म्हणाला आणि हसला.

शब्द बरोबर होता, नियमाने कुलूप उघडायला हवं होतं. पण गंमत ऐकलेला माणूस हसतो, तसा तो हसला होता. उमरखेडजवळच्या बबिताच्या सगळ्या तांड्यात तहसीलदार नावाचा बोकड एकच असणार, हे ताईंना आत्ता सुचत होतं. नाव न घेता त्यांनी पोरगी दाखवून दिली होती.

त्यांनी बबिताच्या आईला, जमनाबाईला, फोन लावला. लागेना. आई खरंच आजारी असली तर? पोरीची शेवटची भेट आपल्यामुळे चुकली तर? त्यांनी बबिताला बोलावलं. पडद्याआडून बाहेर पाहताच तिचा चेहरा उतरला.

"काकाच हाय, ताई. त्यायनंच माह्यं लगन ठरवलं. मायनं शब्द त्यायच्यापासूनच तं लपवला होता. त्यायले कोनं सांगतला?"

ताई फाटकाशी गेल्या. "माय फोनवर बोलल्याबिगर पोरगी मिळनार नाही."

"शब्द सांगतला ना! नियम तुमचाच हाय ना?" त्याने फाटकाला लाथ मारली, मग रस्त्यापलीकडे मोटरसायकलवर जाऊन बसला.

दोन तास तो तिथेच होता. ताई किल्ली मुठीत धरून आत बसल्या होत्या. स्वतःच्या तोंडाची त्यांना कधी इतकी भीती वाटली नव्हती. चारला फोन वाजला. पलीकडे जमनाबाई, ठणठणीत. "मी तं वावरात कापूस वेचून राह्यली. कोन बिमार?"

ताईंनी फोन कानाला लावूनच फाटकाशी येऊन, पोलीस बोलावते म्हणून काकाला ओरडून सांगितलं. "पुन्हा येतो," म्हणत तो निघून गेला.

ताईंनी विमलताईंना फोनवर विचारलं, तर त्या रडायलाच लागल्या. "अवो, दुकानात हासता हासता सांगतलं मी. चार बाया होत्या. मले काय माहीत!"

रविवारी ताई उमरखेडला गेल्या नाहीत. जमनाबाई आली होती. मायलेकी अंगणातल्या निंबाखाली बराच वेळ कुजबुजत होत्या. मग बबिता ताईंजवळ आली.

"नवा शब्द ठरला, ताई."

ताईंनी सवयीने कान पुढे केला.

"तुमाले नाही सांगत," बबिता म्हणाली. "कोनी आलं तं मले बोलवा. मीच इचारीन."